फक्कीची रेघ

“तू कुनाचा मानूस हायेस?”

बीडमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. नाव नंतर, गाव त्याच्याही नंतर. चहाच्या गाड्यावर, सायकलच्या दुकानात, एसटी स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्यांच्या घोळक्यात, आधी हेच. मी समुद्राकाठच्या खेड्यातला, सातवीत शाळा सुटलेली. रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर ट्रकच्या हौद्यात बसून इकडे आलो होतो. ठेकेदार काम अर्धवट टाकून निघून गेला; मी आणि रंगाचे डबे मागे राहिलो. तेव्हा रस्त्यांच्या कचेरीतल्या इंजिनियर बाईंनी मला रोजंदारीवर ठेवून घेतलं, आणि चौकातल्या किराणा दुकानदार आप्पांनी दुकानामागची खोली दिली, वर दोन्ही वेळचं जेवण. दोघांचेही उपकार सारखेच मोठे. त्यामुळे कुणाचा माणूस, याचं उत्तर मला देता येत नसे. मी नुसता हसायचो. उत्तर न देता हसणाऱ्या माणसावर तिथे लगेच संशय घेतात, हे मला उशिरा कळलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी असे काही दिवस आले, की बाईंना वाटलं हा आप्पांचा, आणि आप्पांना वाटलं हा बाईंचा. त्यात माझी खोली जायची वेळ आली होती. खोली म्हणजे तरी काय, पोत्यांच्या थप्पीमागे एक पलंगडी आणि एक खिडकी. पण घरापासून इतक्या लांब, मी रात्री आलो की नाही हे बघणारं माणूस त्याच एका घरात होतं.

काळ नव्वदीच्या दशकाच्या मधला. गावात एकाएकी गाड्या वाढल्या होत्या. हप्त्यावर मोटारसायकल मिळायला लागली होती, गल्लीगल्लीत पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघाले होते, काळ्यापिवळ्या जीपमध्ये माणसं टपापर्यंत भरून यायची. रस्ते मात्र होते तेवढेच. आमच्या चौकात तेलगावकडून उसाचे ट्रॅक्टर यायचे, एकामागे दोन ट्रॉल्या लावलेले, आणि वळताना आतल्या बाजूने कोपरा कापत जायचे. त्या कोपऱ्यावरच आप्पांचं दुकान. दुकान पक्कं, पण त्याच्यापुढे रस्त्यावर काढलेली पत्र्याची शेड. शेडला बाजूनेही पत्रा. शेजारून जी गल्ली बाहेर पडायची तिच्यातून मुलींच्या शाळेची वर्दळ. पत्र्याआडून मुलगी बाहेर पडली की ती थेट चाकांपुढे. मागच्या पावसाळ्यात एका मुलीच्या पायावरून टेम्पो गेला होता. ती वाचली, पण अजून कुबडी घेऊन शाळेत जायची.

बाईंच्या हातात हा चौक सुधारण्याचं काम होतं. समोर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, पाठीमागे अख्खं गाव बाई म्हणायचं. साडीवर बूट, डोक्यावर काळी छत्री. सायकलच्या दुकानापुढे लोखंडी खुर्ची टाकून त्या तासन्‌तास चौकाकडे बघत बसायच्या. काही करायच्या नाहीत. नुसतं बघायच्या. याचाच लोकांना जास्त त्रास.

“काय बगती रं ती?” सायकलवाला मला विचारायचा.

“गाड्या.”

“गाड्या बगायला सरकार पगार देतं का? कुनाच्या तरी जागंवर डोळा हाय तिचा.”

बाईंचं म्हणणं साधं होतं. सिग्नल काय, पैसे आले की लागेल. आधी ड्रायव्हर आणि पोर एकमेकांना दिसले पाहिजेत. त्यासाठी कोपऱ्यावर रस्त्याचं तोंड थोडं आवळायचं, म्हणजे ट्रॅक्टरला हळू वळावं लागेल, आणि आवळलेल्या जागेत शेडच्या पुढे मुलींना उभं राहायला सुरक्षित जागा मिळेल. बांधकाम करण्याआधी डांबराची रिकामी पिंपं वाळू भरून ओळीने मांडायची आणि आठवडाभर गाड्या कशा वळतात ते बघायचं.

हे सगळं त्यांनी मला कचेरीच्या आवारात, काठीने मातीत काढून दाखवलं. मग म्हणाल्या, “पिंपांचं मात्र कोणाला बोलायचं नाही. मांडेपर्यंत नाही.”

मी विचारलं नाही का म्हणून. विचारायची गरजही नव्हती. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं, आणि बीडमध्ये रिकामं पिंप म्हणजे लग्नात द्यावी अशी वस्तू. पिंपं येणार हे कळलं असतं तर ती ट्रॉलीतून उतरायच्या आधीच कोण कुठलं नेणार हे ठरलं असतं.

त्या दुपारी मी फक्की मारली. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी, कबड्डीच्या मैदानावर मारतात तीच. सुतळी ताणून धरायची आणि तिच्या कडेने मुठीतून सोडत जायचं. आमच्या कचेरीत असल्या कामाच्या माणसाला खलाशी म्हणतात. मी आईला तसं कळवलं होतं आणि तिकडे गावभर झालं होतं की मी कुठल्या तरी बोटीवर लागलो. बीडमध्ये बोट कुठली, हे आईने विचारलं नाही. तिला बरंच वाटलं असावं.

रेघ गल्लीच्या तोंडापासून निघून आप्पांच्या शेडपुढून वळत सायकलच्या दुकानापर्यंत गेली. बाई लांबून छत्रीखालून बघत होत्या. मग जवळ आल्या आणि म्हणाल्या, “ही पुसून टाक. हातभर आत घे.”

“शेडकडे?”

“हो. वळताना मागच्या ट्रॉलीला जागा लागते.”

मी झाडूने पुसली आणि हातभर आत, पत्र्याच्या अगदी जवळून नवी मारली. हा हातभर मी पुढे कित्येकदा मनात मोजून पाहिला आहे. मागच्या ट्रॉलीला जागा लागते हे खरंच होतं. पण तेवढंच खरं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी आप्पा गादीवर बसून रेघेकडे बघत होते. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मांडीवर तराजूचं तागडं. गिऱ्हाईक नव्हतं. मी आत जायला निघालो तसं त्यांनी हाक मारली.

“हिकडं ये बे. ही रेघ कशाची?”

“चाचणीची आहे, आप्पा.”

“कसली चाचनी?”

“गाड्यांची.”

“गाड्यांची चाचनी माझ्या पत्र्यापशी?”

पिंपांचं सांगायचं नव्हतं आणि पिंपांशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं.

“जबान चावायला लागलास, तवाच समजलं मला,” आप्पा म्हणाले. “जा, जेव जा.”

मला वाटलं तेवढ्यावर मिटलं. मी बाहेरचा माणूस, मला काय ठाऊक. दोन वर्षांपूर्वी, मी इथे यायच्या आधी, एसटी स्टँडच्या रस्त्यावर अशीच फक्कीची रेघ आली होती. दुसऱ्या दिवशी रेघेच्या आतल्या सगळ्या टपऱ्या आणि दुकानं बुलडोझरने पाडली. ज्यांनी पहाटेच आपले पत्रे आपण उतरवून घेतले त्यांचे पत्रे वाचले. बाकीच्यांच्या पत्र्यांचा चोळामोळा झाला. तेव्हापासून या गावात फक्कीच्या रेघेचा एकच अर्थ होता, आणि तो सगळ्यांना पाठ होता. मला आणि बाईंना सोडून. किंवा निदान मला सोडून.

उजाडताना ठोकाठोकीने जाग आली. बाहेर आलो तर आप्पा शिडीवर. एवढं वयस्कर माणूस, धोतराचा काचा मारून, पान्याने बोल्ट काढतंय. खाली काकू, म्हणजे आप्पांच्या घरच्या, एकेक पत्रा डोक्यावर झेलून आत नेत होत्या. सायकलवाल्याकडे तेच, बांगड्यांच्या दुकानात तेच. अख्ख्या ओळीची शेड निम्मी उतरली होती. कुणी रडत नव्हतं की ओरडत नव्हतं. काम उरकायची घाई फक्त.

“आप्पा! ती रेघ पाडायची नाही! गाड्यांची आहे, खरंच गाड्यांची आहे!”

आप्पांनी वरूनच बघितलं. “काल सांगितलं असतंस तर ऐकलं असतं. आता कशापायी सांगतोस? पत्रं तशीच ऱ्हावी, बाईच्या मशिनीखाली यावी म्हनून?”

“लई शहाना हाय बे तुमचा भाडेकरू,” सायकलवाला पलीकडून म्हणाला. “दुकानात तुमचा, रस्त्यावर बाईचा.”

शेवटी आप्पांनी दुकानाची पायरीही काढली. काळ्या दगडाची, मोठी थोरली, वर्षानुवर्षांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेली. तीही रेघेच्या आत येत होती म्हणून. रोज सकाळी दुकान उघडताना आप्पा त्या पायरीवर पाणी शिंपडायचे, भस्माची बोटं ओढायचे, मग कुलपाला हात लावायचे. पहारीने ती उचकटताना मी हात लावायला गेलो तर म्हणाले, “राहू दे.” दोनच शब्द. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

ऊन वर आल्यावर बाई पिंपांची ट्रॉली घेऊन आल्या. आल्या आणि थांबल्या. कोपरा उघडा पडला होता. पत्रे गेल्यामुळे चौकातून थेट गल्लीचं शेवटचं घर दिसत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला बघायचंच होतं, की त्यांना धक्का बसतो का. त्यांनी छत्री मिटली, परत उघडली, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या,

“तू काय सांगितलंस यांना?”

“काहीच नाही सांगितलं, मॅडम. म्हणून तर हे झालं.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला ठेकेदार आठवला. पळून जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे असाच बघत होता, हा किती ओळखून आहे याचा अंदाज घेतल्यासारखा. पण ठेकेदार ठेकेदार होता. बाईंनी मला भाकर दिली होती. आपल्याला भाकर देणाऱ्या माणसाबद्दल असा विचार मनात येतो, याचीच मला जास्त भीती वाटली.

बाई सरळ आप्पांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. आप्पा आता उघड्या दुकानात, उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून बसले होते.

“आप्पा, गैरसमज झालाय. कोणी काही पाडणार नव्हतं. तुम्ही पत्रे परत लावा.”

“परत लावू?”

“लावा. मी अडवणार नाही.”

“तसं लिहून द्या.”

बाई घुटमळल्या. “लिहून कसं देऊ? शेड मुळात रस्त्यावर होती ना.”

आप्पांनी सायकलवाल्याकडे बघितलं. “ऐकलं का? म्हनं लावा. आन् लावली का फोटू काढनार, आन् मंग म्हननार बगा, नोटीस देऊन बी लावली.”

“नोटीस कुणी दिली आहे?”

“न्हाई दिली, हेच तर लई वाईट हाय,” आप्पा म्हणाले.

त्यावर बाई पिंपं उतरवून घ्यायला वळल्या. बाई पाडायला आली असती तर लोकांनी तिच्याशी भांडण केलं असतं, अर्ज केले असते, पुढाऱ्याकडे गेले असते. ती म्हणत होती परत लावा, म्हणून कुणी परत लावेना. ओळीतल्या एकाही माणसाने पत्र्याला हात लावला नाही. बाईने लावा म्हटलंय, म्हणजे लावण्यात काहीतरी डाव आहे, एवढं सगळ्यांना पटलं होतं.

पिंपं मांडून झाली. मी वाळू भरत होतो तेव्हा आप्पांनी मला बोलावलं. काकू आतल्या दारात उभ्या होत्या.

“सोमवारी आमी परळीला देवाला जानार. परत येईस्तवर खोली रिकामी दिसली पायजे.”

“आप्पा, मला खरंच ठाऊक नव्हतं.”

“पिंपं येनार हे ठाव नव्हतं?”

मी खाली बघितलं.

“बग,” आप्पा म्हणाले. “माझ्या ताटात जेवून माझ्यापसून लपवलंस. आनखी काय काय लपवलं असंल, मी कुठं शोधत बसू?”

त्या रात्रीपासून जेवताना कुणी बोललं नाही. काकू वाढायच्या, आप्पा भिंतीकडे बघून जेवायचे. मी चौकशी सुरू केली. कुणी खोली देईना. बाईचा माणूस घरात ठेवला तर बाई घरही मोजेल, असं एकाने तोंडावर सांगितलं. कचेरीत बाई मला पूर्वी चौकातलं सगळं सांगायच्या. आता काम तेवढं सांगायच्या आणि माझ्यासमोर नकाशा गुंडाळून ठेवायच्या. दोन्हीकडून दार असं थोडं थोडं लागत होतं.

शनिवारी सकाळची शाळा. मी आप्पांच्या दुकानापुढे उपड्या डब्यावर बसून पिंपांना पांढरे पट्टे ओढत होतो. आप्पा उन्हाच्या नावाने आणि बाईच्या नावाने एकदमच खडे फोडत साखर जोखत होते. गल्लीतून मुली बाहेर पडत होत्या. पिंपांच्या आतल्या जागेत थांबायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण जागा दिसली तर पोरं उभी राहतातच. मागून कुबडीवाली मुलगी एकटी आली. तिला उशीर झाला होता. ती थांबली नाही, तशीच पुढे निघाली, पिंपांच्या फटीतून.

तेलगावच्या बाजूने टेम्पो आला. पूर्वीसारखा कोपरा कापायला वळला आणि पुढे पिंपं बघून त्याला लांबून वळावं लागलं. लांबून वळताना त्याला ती दिसली, तिला तो दिसला. त्याने ब्रेक मारला. ती जागच्या जागी थांबली. मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर राहिलं असेल. एवढंच. काहीच झालं नाही. चौकात कुणी वळूनही बघितलं नाही.

मी वळलो तर आप्पांच्या हातातलं माप तसंच वर. साखर एका बाजूने सांडत होती आणि त्यांचं लक्ष नव्हतं. जिथे ते बघत होते तिथे परवापर्यंत पत्रा होता. त्या गादीवर इतकी वर्षं बसून त्यांनी तो कोपरा कधी बघितलेलाच नव्हता. त्यांना फक्त आवाज यायचे.

टेम्पोवाल्याने खिडकीतून मुलीला आईवरून शिवी दिली. त्याबरोबर आप्पा गादीवर उभे राहिले.

“ए! शिव्या कुनाला देतो बे? खाली उतर! उतर खाली!”

टेम्पो पळाला. मुलगी कुबडी टेकत पलीकडे गेली. आप्पा बसले, सांडलेली साखर तळहाताने गोळा करायला लागले, आणि मी बघतोय हे लक्षात आल्यावर खेकसले, “तू काय बगतोस? रंग वाळतोय तुझा.”

रविवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर मी पेटी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परळीला निघणार होते. आप्पा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, मागे काकू. आप्पांनी गळ्यातली लिंगाची डबी मुठीत धरली होती.

“एकदाच इचारतो. ह्याच्यासमोर खोटं बोलायचं न्हाई. पत्रं उतरतील हे तुला ठाव होतं का?”

“नाही. पिंपांचं ठाऊक होतं. ते बोलू नको असं सांगितलं होतं.”

“आन् बाईला ठाव होतं का?”

हा प्रश्न मी स्वतःलाच इतक्या वेळा विचारला होता, की उत्तर तयार असायला हवं होतं. मला झाडू आठवला, पुसलेली रेघ आठवली, हातभर आत घेतलेली नवी रेघ आठवली. ते सांगितलं असतं तर आप्पांना हवं होतं ते मिळालं असतं आणि माझी खोली राहिली असती. पण बाईंनी ट्रॉलीचं कारण दिलं होतं, आणि ते कारण खोटं होतं असं लिंगासमोर म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. संशय होता. संशयावर त्या दिवसांत गाव चाललं होतं, माझी खोली तेवढी त्याच्यावर राहू नये असं मला वाटलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

तेवढ्यात काकू मागून म्हणाल्या, “पन पिंपाचं कशापायी लपवलं म्हनते मी? पिंपात काय एवढं?”

“बाईंना वाटलं, लोक नेतील.”

“आगं माय!” काकू म्हणाल्या. “म्हंजी आमी चोर का काय?” मग त्यांच्या त्या सरळ आवाजात, “पन नेलंच असतं की. मी तर पयलं नेलं असतं. मोरीतलं पिंप गळायला लागून किती दिवस झालं, तुमाला सांगून सांगून थकले.”

आप्पा वळले. “काय बोलतीस?”

“खरं बोलते. ठाव असतं तर तुमालाच पाठवलं असतं उजाडायच्या आत, शिडी घेऊन न्हाई, हातगाडा घेऊन.”

आप्पांच्या मिशा हलल्या. हसू की राग, कळेना. “म्हंजी बाई बरोबर व्हती.”

“बाईचं मला नका सांगू. ह्या लेकराचं सांगते,” काकू म्हणाल्या. “ह्याच्या पेटीचा वास घेतला मी वरीसभर. वाटायचं, आईकडून मासळी येती, चोरून खातंय. आपल्या घरात चालत न्हाई म्हनून एक डाव सांगितलं, तेवढंच. एकदा बी न्हाई निघाली. पिंपाचं बी कुनी सांगू नको म्हनलं म्हनून न्हाई सांगितलं. आता ह्याला घालवून तुमी दुसरा कुठून आननार?”

आप्पा वळून आत गेले. मी पेटी अर्धी भरलेली तशीच ठेवली. पुरी भरू की रिकामी करू, कुणाला विचारणार?

सोमवारी मी उठलो तेव्हा ते दोघं परळीच्या गाडीने निघून गेले होते. दुकान बंद. मी मोरीत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. कोपऱ्यात पिंप होतं. आतून राखेने घासून पुसून, अर्धं पाण्याने भरलेलं. बाहेरच्या अंगाला मी शनिवारी मारलेले पांढरे पट्टे.

अंघोळ न करताच चौकात धावलो. आता बाई येणार, ओळीत भोक बघणार, मी कुठे राहतो ते त्यांना ठाऊक, आणि यावेळी तू काय सांगितलंस म्हणून विचारायची त्यांना गरजही पडणार नव्हती. पण ओळीत भोक नव्हतं. पिंप गेलं होतं तिथे, वाळूच्या ढिगात नीट रोवून, आप्पांची काळी पायरी उभी केलेली होती. वर ताजं पाणी शिंपडलेलं, आणि भस्माची तीन बोटं ओढलेली.

बाई आल्या. छत्री खाली करून पायरीपुढे उभ्या राहिल्या. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. पिंपांना दोन ट्रॉल्यांचा धक्का लागायचाच, त्यांना पोचे पडले होते. पण दगडावरचं भस्म बघून ड्रायव्हरने वेग आणखी कमी केला, कपाळाला हात लावला, आणि लांबून वळसा घालून गेला. बाईंनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आप्पांच्या बंद दुकानाकडे, परत दगडाकडे.

“पिंप कुठे गेलं?” असं त्या विचारतील म्हणून मी तयारीत उभा होतो.

“दगड बरा आहे,” त्या म्हणाल्या. “पिंपापेक्षा.”

“हो, मॅडम.”

“रंगव याला. काळा-पांढरा. लांबून दिसला पाहिजे.”

नकाशा त्यांनी माझ्यासमोरच दगडाला टेकवून उलगडला आणि पुढचा कोपरा दाखवायला लागल्या. भस्म पुसलं जाऊ नये म्हणून कागद जरा बाजूला धरला होता. ते त्यांनी माझ्यासाठी केलं, आप्पांसाठी केलं, की ट्रॅक्टरवाल्यासाठी, मला सांगता येणार नाही. विचारलं मात्र मी त्यांना कधीच नाही, त्या हातभर अंतराचंही नाही. पुढे त्यांनी मला दुसऱ्या गावांना नेलं, दुसरे चौक दाखवले, काम शिकवलं. मी आज जो कोणी आहे तो त्यांच्यामुळे. तरी कुठे फक्कीची रेघ दिसली की माझी नजर आधी रेघेवरून कडेच्या पत्र्यांकडे जाते.

संध्याकाळी आप्पा परळीहून आले. मी रस्त्यात बसून पायरीला रंग देत होतो. ते माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले. हातात प्रसादाची पुडी.

“वरचा भाग सोड,” म्हणाले. “तिथं मला सकाळी भस्म लावायचं असतं.”

मी ब्रश मागे घेतला. ते दुकानाकडे निघाले, दोन पावलं जाऊन थांबले, आणि मान न वळवता म्हणाले, “आन् मोरीतल्या पिंपाचं पानी जपून वापर. तुझ्या बाईचं हाय म्हनून उधळायचं न्हाई.”

पेटी मी त्या रात्री रिकामी केली.